जमिनीत अडकलेली पत

परदेशात दुकान थाटणाऱ्या मराठी माणसाची गोष्ट आपल्याकडे एकाच साच्यातून निघते. खिशात दमडी नव्हती, तिथली भाषा येत नव्हती, अठरा-अठरा तास राबला, आज त्याच्या चार शाखा आहेत. दिवाळी अंकात ती वाचायची, स्नेहसंमेलनात ऐकायची, टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचे. याच गोष्टीला लागून ते जुने पालुपद येते: एखाददुसरा अपवाद सोडला तर मराठी माणसाला धंदा जमत नाही, त्याने आपली नोकरी करावी. वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण धंदा हा स्वभावाचा, रक्ताचा, जिद्दीचा मामला आहे हे दोन्ही मते मुकाट गृहीत धरतात.

मला हे गृहीतच उथळ वाटते. जिद्द तर बुडालेल्याकडेही असते. सीमेपलीकडचा छोटा धंदा उभा राहतो तो तीन गोष्टींवर: माणसाबरोबर प्रवास करू शकणारी पत, पोचल्या ठिकाणी कायद्याने मिळालेली जागा आणि मागच्या गावात बंद झालेला दरवाजा. मराठी माणूस या धंद्यात कमी दिसतो, कारण त्याची पत जमिनीत अडकून पडली आहे. तिला तिथे अडकवले ते आपण मोठ्या अभिमानाने उभ्या केलेल्या संस्थांनी. कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहणाऱ्याला याचे पुरावे शोधायला लांब जावे लागत नाही. शंभरेक किलोमीटरांच्या आत सगळे सापडतात.

१. परक्यांसाठी वसवलेली पेठ

मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. राजर्षी शाहू गादीवर आले १८९४ मध्ये आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशनाला लागून शाहूपुरी ही गुळाची पेठ वसू लागली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी रूळ, मग पेठ आणि त्यानंतर व्यापारी. व्यापारी आपणहून येतील अशी वाट महाराजांनी पाहिली नाही. जागा दिल्या, सवलती दिल्या, बाहेरच्यांना बोलावले.

कोल्हापूर तेव्हा वेगळे संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी विलीनीकरण होईपर्यंत इथला दरबार वेगळा, कायदा वेगळा, न्यायालय वेगळे. कच्छहून किंवा मारवाडातून आलेला माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येत होता. आज ज्यांना आपण 'इथलेच जुने व्यापारी' म्हणतो, त्यांचे पणजोबा सीमा ओलांडून आलेले होते. त्या सीमेवर काटेरी तार नव्हती एवढेच.

या पेठेत बाहेरच्याचे बस्तान का बसले, हे समजायला गुळाची अडत कशी चालते ते पाहावे. शेतकऱ्याला गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आधी पैसा लागतो, म्हणून अडत्या त्याला उचल देतो. गूळ आला, रवे लागले, सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, हवी असते. माल मात्र जातो प्रामुख्याने गुजरातेत, आणि तिथल्या खरेदीदाराचे पैसे यायला वेळ लागतो. उचल दिल्यापासून गुजरातचा पैसा हातात पडेपर्यंतचा काळ कोणी तरी अंगावर घ्यायचा असतो. तो अंगावर घेण्याची मजुरी म्हणजे अडत. जोखीम घेता येते ती त्यालाच, ज्याचा दुसऱ्या टोकाला कोणी आहे; खरेदीदार खरा की खोटा हे सांगणारा, बुडवायला निघाला तर त्याच्या दारात जाऊन बसणारा. आपल्या शेतकऱ्याच्या पोराकडे ऊस होता, काहील होती, अक्कलही होती. त्या टोकाला मात्र त्याचा मावसभाऊ नव्हता.

गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले आणि शाहूपुरीच्या गल्ल्यांत आता दुसरीच दुकाने आहेत. या हिशेबात त्याने काही बदल होत नाही.

२. त्याच बराकी, दोन निर्वासित

स्वभावाच्या सिद्धांताला सर्वांत मोठा धक्का बसतो तो शाहूपुरीपासून थोड्याच अंतरावर, वळिवड्यात.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. त्यांपैकी सुमारे पाच हजार जणांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात होती. शाळा, चर्च, दवाखाना, नाटके असे सगळे तिथे होते. १९४८ पर्यंत ते पांगले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच छावणीत ठेवले गेले. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातला कापड दुकानदार घाऊक खरेदीला तिथे येतो.

छावणी तीच, कोल्हापूरही तेच, मधे फार तर वर्षा-दोन वर्षांचे अंतर. दोघेही घरदार गमावून, देशाची सीमा ओलांडून आलेले. एकांच्या मागे स्मृतिस्तंभ राहिला, दुसऱ्यांनी बाजारपेठ उभी केली. आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर तयार असते: सिंधी म्हणजे जात्याच व्यापारी.

ते उत्तर टिकत नाही. सिंधमधून आलेल्यांत आमिल होते, म्हणजे पिढ्यान्पिढ्या सरकारी चाकरी करणारे. शिक्षक होते, जमीनदार होते. सगळ्यांच्या घरी तागडी नव्हती. खरा फरक परिस्थितीत होता. पोलिश छावणीत बव्हंशी बायका-मुले होती, कारण बरेचसे पुरुष सैन्यात होते. खर्चाची सोय लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने लावली होती. शिवाय प्रत्येकाची नजर परतीवर होती. युद्ध संपले की निघायचे. अशा माणसाने कोल्हापुरात दुकान कशाला काढावे, आणि त्याला उधारीवर माल देणार कोण?

सिंध्यांना परत जायला सिंध उरलाच नव्हता. पंजाब आणि बंगाल यांची निदान अर्धी-अर्धी फाळणी झाली, सिंध संपूर्ण गेला. इकडे मात्र ते परदेशी मानले गेले नाहीत. ते जागा घेऊ शकत होते, परवाना काढू शकत होते, कोर्टात जाऊ शकत होते. आणि मुंबईत, उल्हासनगरच्या छावणीत, पिंपरीत त्यांचे नातेवाईक त्याच धडपडीत होते. मुंबईच्या घाऊक बाजारातला कोणी एक ओळखीचा गठ्ठाभर कापड विश्वासावर देतो, तो गठ्ठा खांद्यावर टाकून गावोगाव विकायचा, आठवड्याने पैसे पोचवायचे, पुढचा गठ्ठा आणायचा. इतक्या लहान वळशातून पेठ तयार होते. फाळणीच्या कितीतरी आधी सिंधमधल्या हैदराबादच्या पेढ्या जपानातल्या कोबेपासून पनामापर्यंत दुकाने चालवत होत्या, त्याही याच पद्धतीने. विश्वासाची ही यंत्रे सिंधी माणसाने सीमेपलीकडून उचलून आणली. जमीन त्याला आणता आली नाही, आणि नेमके तेच त्याच्या पथ्यावर पडले.

समाजशास्त्रात एडना बोनासिच यांचा १९७३ चा सिद्धांत प्रसिद्ध आहे. परत जायच्या इराद्याने राहणारा स्थलांतरित व्यापाराकडे वळतो, कारण त्याला पैसा मोकळा ठेवायचा असतो, असे त्या म्हणतात. वळिवड्यात हे उलटे घडले. परतीची वाट पाहणारे थांबून राहिले आणि परतीची आशा सोडलेले बाजारात उतरले. मला वाटते, इरादा दुय्यम आहे. आलेल्याला कायद्याने काय करू दिले आणि मागून उधार देणारे कोण होते, हे आधी विचारायला हवे.

३. विट्याचे गलाईवाले

आता कोणी म्हणेल, हे सगळे गुजराती-सिंध्यांचे झाले, मराठी माणसाचे काय? त्याचे उत्तर सांगली जिल्ह्यात विट्याच्या आसपासच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांत आहे. इथले गलाईवाले काश्मीरपासून केरळपर्यंत आणि सीमा ओलांडून काठमांडूपर्यंत पसरले आहेत. सराफ गल्लीच्या टोकाला दहा बाय दहाची खोली, त्यात भट्टी, मूस, तेजाबाच्या बरण्या. सोनार मोडीचे सोने, कामातून उरलेला कीस, झाडलोटीची माती आणून देतो. गलाईवाला ते वितळवतो, शुद्ध करतो, टंच काढतो आणि लगड परत करतो.

या व्यवहारात सोनार आपले सोने परक्या प्रांतातून आलेल्या, आपली भाषा मोडकीतोडकी बोलणाऱ्या माणसाच्या हातात देतो, तेही पुष्कळदा तोंडी विश्वासावर. असे तो का करतो? दोन कारणे आहेत आणि दोन्हींचा जिद्दीशी संबंध नाही.

पहिले कारण असे की तो परका आहे. जॉर्ज झिमेल या जर्मन विचारवंताने १९०८ मध्ये 'परका' या विषयावर लिहिले. स्थानिक हेव्यादाव्यांत न अडकलेल्या माणसाजवळ लोक मन मोकळे करतात, असे त्याचे निरीक्षण होते. सोनाराला आपल्याकडे किती सोने आले-गेले हे शेजारच्या सोनाराला कळू द्यायचे नसते. गलाईवाला त्याचा प्रतिस्पर्धी नाही आणि भाऊबंदही नाही. त्याचे परकेपण हीच त्याची लायकी ठरते.

दुसरे कारण, तो एकटा नाही. पोरगा दहावी-बारावी झाला की चुलता त्याला आपल्या दुकानात नेतो. काही वर्षे तो पगारावर राबतो, हात बसला की दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी टाकतो आणि गावाकडून पुढचा पोरगा बोलावतो. या साखळीत कोणी सोने घेऊन पळाला, तर त्या गल्लीतल्या सगळ्या गलाईवाल्यांचे नाव जाते आणि गावच्या जत्रेत त्याच्या बापाला मान वर करता येत नाही. बँकेला जे तारण कागदावर लागते, ते इथे गावच्या तोंडात असते. आमच्या भिशीतही हेच आहे. अमेरिकेतल्या चिनी, जपानी आणि वेस्ट इंडियन दुकानदारांच्या मागे भिशीसारखीच मंडळे होती, हे समाजशास्त्रज्ञ आयव्हन लाइट यांनी १९७२ मध्ये पुस्तकभर दाखवले. कोल्हापूरच्या कोणत्याही गल्लीतल्या बाईने ते त्यांना अर्ध्या तासात समजावून सांगितले असते.

मग खानापूर-आटपाडीचाच माणूस का गेला, करवीर-शिरोळचा का नाही? रक्त एकच, बोली जवळपास एकच. फरक पाण्याचा आहे. तिकडे पावसाने पिढ्यान्पिढ्या दगा दिला, इकडे पंचगंगेच्या काठाने ऊस उभा राहिला. ज्याच्या शेतात ऊस आहे त्याला कोइमतूरच्या धुरकट खोलीत तेजाबाचा वास घेत बसायचे कारण नाही. तेव्हा उद्यमशीलतेचे प्रमाणपत्र द्यायचेच असेल, तर ते आधी दुष्काळाला द्यावे लागेल.

४. सहकाराची वेस

माझ्या मते खरा तिढा इथे आहे, आणि त्याबद्दल आपण बोलत नाही.

मराठी समाजाने परस्परविश्वासाची संस्था उभी केली नाही असे नाही. गुजराती पेढीच्या तोडीची, तिच्याहून अधिक लोकशाहीची संस्था आपण उभी केली: सहकार. साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका, गल्लोगल्लीच्या पतसंस्था. ज्याच्याकडे एकट्याची ऐपत नव्हती त्याला त्यांनी ऐपत दिली. पण प्रत्येक सहकारी संस्थेच्या पोटनियमात एक शब्द असतो: कार्यक्षेत्र. अमुक गावे, अमुक तालुके, फार तर अमुक जिल्हे. सभासद त्या हद्दीतला हवा, तारण हद्दीतले हवे, जामीनदार हद्दीतला हवा. बहुराज्य सहकारी कायद्याने राज्याची वेस ओलांडता आली, देशाची नाही. सातबारा आणला की काम होते. मस्कतमधल्या दुकानाचा भाडेकरार आणला तर तो कागद मॅनेजर उलटसुलट करून परत देतो.

पेढीचे तसे नव्हते. तिचे कार्यक्षेत्र म्हणजे जिथे नातेवाईक पोचला तो मुलूख. आपली पत उसाच्या नोंदीत, कारखान्याच्या शेअरमध्ये, घराच्या उताऱ्यात साठली. ती भक्कम आहे, पण माणूस विमानात बसला की खाली राहते. तिकडे पोचलेला कोल्हापूरकर शून्यापासून सुरू करतो, आणि मग त्याने शून्यातून काही उभे केले की आपण त्याच्या जिद्दीचे पोवाडे गातो. ते शून्य आपणच त्याच्या हातात दिले होते, हे सोयीस्करपणे विसरून.

५. पलीकडचा कायदा

दुबईचे उदाहरण घ्या. मुक्त व्यापार क्षेत्रे सोडली, तर २०२१ पर्यंत तिथल्या सर्वसाधारण कंपनीत ५१ टक्के वाटा स्थानिक नागरिकाचा असणे कायद्याने बंधनकारक होते. घाम ज्याचा, त्याचे नाव कागदावर अर्ध्याहून कमी असायचे. नागरिकत्व मिळण्याची आशा जवळपास नाहीच. अशा ठिकाणी माणूस मसाल्याचे, कपड्याचे, खाण्याचे दुकान काढतो, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत मोकळा होईल असा धंदा करतो आणि शिल्लक गावी पाठवतो. धनंजय दातारांच्या 'अल आदिल'ची सुरुवात १९८४ मध्ये त्यांच्या वडिलांनी दुबईत काढलेल्या किराणा दुकानातून झाली. त्या कथेतले कष्ट सगळ्यांना पाठ आहेत. पण ते दुकान चालायला आखातात आलेल्या हजारो भारतीय नोकरदारांची रोजची भूक आधी तिथे असावी लागली.

लंडनमध्ये कायदा सैल आहे, दुकान काढायला कोणा स्थानिकाचे नाव लागत नाही. तिथल्या हाउन्स्लो भागात २०१० मध्ये 'श्रीकृष्ण वडापाव' सुरू झाला तो मंदीत नोकरीची वाट बंद झाल्यावर, आणि एका पोलिश आइस्क्रीमवाल्याच्या दुकानातला कोपरा भाड्याने मिळाला म्हणून. एका परक्याने दुसऱ्या परक्याला जागा दिली. वळिवड्याच्या इतिहासाने हसावे असाच हा योगायोग.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: नात्यागोत्याचे जाळे असूनही पुष्कळ बुडतात, मग कष्टाला काहीच किंमत नाही का? आहे. एकाच जाळ्यातल्या दोघांपैकी कोण पुढे जाईल हे कष्ट आणि अक्कल ठरवतात. पण एका तालुक्यातून गावेच्या गावे भट्टी टाकायला बाहेर पडतात आणि शेजारच्या तालुक्यातून तसे कोणी निघत नाही, याचा उलगडा कष्टाने होत नाही.

दुसरा आक्षेप: सहकारी संस्थांची ही हद्द ठेवीदाराच्या भल्यासाठीच आहे. नजरेआडचे कर्ज बुडते, आणि सामान्यांच्या ठेवी परदेशी दुकानांत अडकू नयेत. ही भीती खरी आहे. पण डोळ्यांसमोरच्या तारणावर दिलेली कर्जेही बुडाली आणि पतसंस्था त्याच हद्दीत राहून कोसळल्या, हे महाराष्ट्राने भरपूर पाहिले आहे. अंतरापेक्षा ओळख आणि वसुलीचा दबाव महत्त्वाचा, हे गलाईवाला दाखवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. जाळे म्हणजे शेवटी जात आणि भाऊबंदकी. जो त्यात जन्मला नाही त्याने काय करायचे? पेढ्यांचा विश्वास जेवढा आत घट्ट असतो तेवढाच बाहेरच्याला बंद असतो, हे मान्यच करायला हवे. पण याला कोल्हापुरातच एक उत्तर सापडते. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने चहाचे दुकान काढले. शाहू महाराजांनी त्याला मदत केली आणि लोक तिथे चहा प्यायला बिचकतात हे पाहून स्वतः तिथे थांबून चहा घेतला. सामाजिक सुधारणेची गोष्ट म्हणून ती आपण सांगतो. अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ज्याच्यामागे जातीचे जाळे नव्हते त्याला राज्यकर्त्याने आपली पत उसनी दिली. म्हणजे नाते नसले तरी संस्था ते काम करू शकते. मला पेढ्यांची भलामण करायची नाही. त्यांचे काम जातीबाहेर करणारी संस्था हवी आहे.

चौथा आक्षेप रस्त्यावरचा: बाहेरचे येऊन आपल्या पोटावर पाय देतात. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: आमच्याकडे येऊ नका. ते आलेच, आणि त्या शहराचा पडता व्यापार उभा करण्यात त्यांच्या दुकानांचा वाटा आज लेस्टर अभिमानाने सांगते. आपल्याला तर जाहिरात देण्याचाही अधिकार नाही, आपली पेठच बोलावून वसवलेली आहे. शिवाय चोरीचे सोने घेतल्याच्या संशयावरून परप्रांतातले पोलीस उचलतात, ही गलाईवाल्यांची जुनी तक्रार आहे. तिथे त्यांना संरक्षण मागायचे आणि इथे दुसऱ्याच्या टपरीवर दगड मारायचा, हे एका तोंडाने कसे जमावे?

शेवटचा: आता ऑनलाइन विक्री आहे, दुकान कशाला हवे? कोल्हापुरी चपलेकडे पाहा. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायात तसल्याच चपला दिसल्या आणि इकडे आरडाओरडा झाल्यावर त्यांना मूळ कबूल करावे लागले. इंटरनेट होते, मानांकन होते. पण त्या शहरात चप्पल कोणाची हे सांगणारा, तिचा भाव ठरवणारा आपला एकही दुकानदार नव्हता. माल एकटाच गेला. २०१४ मध्ये मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाचीही परदेशात वेगळी कथा नाही.

७. मागणी

कायदा बदलायला वेळ लागेल, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, परकीय चलनाचे कागद आहेत. पण काही गोष्टी आजही करता येतील. दुबई, मस्कत, लंडन, काठमांडू इथे दुकान चालवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या लोकांची यादी नागरी बँकांनी ठेवावी आणि नव्याने जाणाऱ्याला त्यांचा जामीन चालवून घ्यावा. इथल्या सभासदाने वर्षानुवर्षे फेडलेल्या कर्जाचा दाखला पलीकडच्या बँकेला समजेल अशा रीतीने लिहून द्यावा. जातीबाहेरचा, नात्याबाहेरचा अर्जदार असेल तर संस्थेने स्वतःचे नाव मागे लावावे. शाहूंनी चहाच्या एका कपात तेवढेच केले होते.

सप्टेंबरअखेरपर्यंत पतसंस्थांच्या आणि सहकारी बँकांच्या वार्षिक सभा होतात. अहवाल वाचून होतो, लाभांश जाहीर होतो, अल्पोपाहाराकडे डोळे लागतात. यंदा ऐनवेळच्या विषयात उठून उभे राहा आणि अध्यक्षांना विचारा: माझा पोरगा मस्कतमध्ये दुकान काढतोय, त्याच्या दुकानावर आपली संस्था किती रुपयांपर्यंत विश्वास ठेवायला तयार आहे? उत्तर आकड्यात मागा, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.